हवा भरण्याचा पंप आणि माझी पारख

आमचा व्यवसाय हळदीचा. सांगलीच्या बाजारात आमची पेढी तीन पिढ्यांची आहे. हळद घेताना पोत्यावर काय लिहिले आहे यावर आम्ही कधी विसंबत नाही. मूठभर हळकुंडे काढतो, एखादे मोडून आतला रंग पाहतो, वास घेतो आणि मगच भाव बोलतो. आपल्याला माल कळतो, हा अभिमान मलाही होता. गेल्या वैशाखात तो उतरला, आणि उतरवला तो मोटारीच्या टायरमध्ये हवा भरण्याच्या एका लहानशा पंपाने.

माझी सून स्वतः गाडी चालवते. तिचे माहेर सोलापूरचे. सुटीत नातवाला घेऊन ती एकटीच जाणार म्हटल्यावर मी काळजीपोटी एक पंप आणून डिकीत ठेवला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१५० पीएसआय’ असे छापले होते. शेजारचा पंप १०० चा आणि तरीही महाग. कमी दामात अधिक बळ मिळते आहे, असे समजून मी घासाघीस केली, आणखी शंभर रुपये सोडवून घेतले आणि समाधानाने घरी आलो.

सांगोला मागे टाकल्यावर सूनबाईच्या लक्षात आले की, गाडी डावीकडे ओढते आहे. पुढचे चाक बसत चालले होते. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवून पंप जोडला. दोन मिनिटे मोठा आवाज झाला आणि पंप बंद पडला. गाडीतल्या सॉकेटचा फ्यूज उडाला होता. जादा चाक काढावे तर त्यातही हवा नव्हती. ते तपासायचे आम्हा कोणालाच सुचले नव्हते. उन्हात चार वर्षांचे लेकरू घेऊन ती दीड तास रस्त्याच्या कडेला उभी होती. शेवटी एका शेतकरी दांपत्याने मोटारसायकल थांबवली. बाई तिच्यासोबत थांबल्या आणि त्यांच्या यजमानांनी पुढच्या गावातून पंक्चरवाल्याला आणले. माहेरी पोहोचायला तिला रात्र झाली.

फोनवर ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “अण्णा, हळद घेताना तुम्ही पोत्यावरचा आकडा वाचून सौदा करता का हो?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या जुन्या पंपाची माहितीपुस्तिका प्रथमच उघडली. बारीक अक्षरांत लिहिले होते की, हा पंप १५ अँपियर वीज ओढतो. आमच्या गाडीच्या सॉकेटचा फ्यूज १० अँपियरचा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे त्या सॉकेटवर १२० वॅटपेक्षा अधिक भार टाकताच येत नव्हता. फ्यूज उडाला यात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता.

मग त्या १५० आकड्याचा विचार केला. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते. त्यावर कोणत्या चाकात किती हवा हवी ते कंपनीनेच लिहिलेले असते. आमच्या गाडीला हवी ३३ पीएसआय. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही त्याने सोसण्याची मर्यादा असते, भरायची हवा नव्हे. मग १५० घेऊन करायचे काय? विहिरीवरचा पंप पाणी किती उंच चढवतो हे एक, आणि तासाला किती पाणी देतो हे दुसरे. हवेच्या पंपाचेही तसेच. मिनिटाला किती लिटर हवा देतो, हे पाहायला हवे होते.

नवा पंप घ्यायला मी सूनबाईला सोबत नेले. दुकानदाराला म्हटले, “खोके राहू द्या, आमच्या गाडीला लावून दाखवा.” एका चाकातली हवा २५ पर्यंत उतरवली आणि घड्याळ धरले. एका पंपाने साडेसात मिनिटे घेतली, दुसऱ्याने तीन. दुसरा ३३ वर आपोआप थांबलाही. मग शेजारच्या पंक्चरवाल्याच्या गेजवर तोच दाब मोजला. फरक एका पीएसआयचा आला. जुना पंप तपासला तेव्हा फरक पाचाचा निघाला होता. ज्या तराजूत पाच किलोची खोट आहे, तो पेढीवर आपण एक दिवस तरी ठेवू का?

चार्जिंगचा, बिनवायरचा पंपही पाहिला. वापरायला तो सुटसुटीत खरा. पण आमच्या उन्हाळ्यात बंद गाडीत लिथियमची बॅटरी ठेवणे बरे नव्हे, आणि ऐन वेळी ती चार्ज असेलच याची खात्री कोणी द्यावी? म्हणून वायरचाच घेतला. घेण्याआधी वायर मागच्या चाकापर्यंत पोहोचते ना, वॉल्व्हवर नळी घट्ट बसते ना, अंधारासाठी दिवा आहे ना, हे सूनबाईने स्वतः लावून पाहिले. वापरणार ती होती. पहिल्या खेपेलाच तिला विचारायला हवे होते.

पंक्चरवाल्याने दोन गोष्टी बजावल्या, त्या वाचकांनीही ध्यानी ठेवाव्यात. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला, तर तो उपटू नये. हवा भरून सावकाश दुरुस्तीपर्यंत जावे. टायरची कड फाटली असेल, तर मात्र कोणताही पंप उपयोगाचा नाही. तिथे जादा चाकच हवे. पुस्तिकेतला नियमही पाळावा. आमचा पंप सलग दहा मिनिटे चालवला की, त्याला विश्रांती द्यावी लागते.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी गाडी बाहेर निघण्याआधी, आम्ही पाचही चाके तपासतो. टायर थंड असतानाच खरा दाब कळतो. गाडी धावून आली की तो चार-पाच पीएसआय अधिक दिसतो, आणि ती वाढ पाहून हवा काढून टाकणे चूक. आकडा वाचून दाखवण्याचा मान नातवाचा.

जुना पंप मी पेढीवर, वडिलांच्या काळच्या शिक्का मारलेल्या वजनांशेजारी ठेवला आहे. कोणी विचारले, “शेठ, हा केवढ्याला पडला?” तर मी शंभर रुपये सुटल्याचे सांगत नाही. सांगोल्याच्या रस्त्यावरचे ते दीड तास सांगतो.