बैठक

महाल, नागपूर

चि. नंदू,


तुझं पत्र परवा मिळालं. नोकरी सोडून महापालिकेला उभा राहतोस, इथवर ठीक. पण ‘नगरसेवकपद ही नुसती पायरी, जायचंय विधानभवनात’ हे वाक्य काही घशाखाली उतरेना. दिवाळीत चिटणीस पार्कापाशी तर्री-पोहे खाता खाता ‘सर गंगाधरराव चिटणवीस म्हणजे इंग्रजांचे होयबा’ म्हणालास, तेव्हा तुझ्या मामीनं डोळे वटारले म्हणून मी गप्प बसलो. आज बसत नाही.

होते बाबा ते सरकारधार्जिणे. भोसल्यांच्या पदरचं घराणं, वर इंग्रजांनी दिलेली ‘सर’की. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांसोबत जिथं उभे राहिले, तिथं हे कधी फिरकले नाहीत. कबूल. पण हयात तर मोजशील? जन्म १८६३ चा. नागपूर नगरपालिकेचं अध्यक्षपद वर्षानुवर्षं सांभाळलं. आपल्या मध्यप्रांताला तेव्हा स्वतःचं कायदेमंडळच नव्हतं. ते आलं १९१४ साली. तोवर अख्ख्या प्रांताच्या वतीनं बोलायला एखादाच माणूस कलकत्त्याला, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जायचा. ते काम यांनी केलं.

आणि खरी गंमत पुढंच आहे. डिसेंबर १९२० मध्ये याच नागपुरात काँग्रेसनं असहकाराचा ठराव पक्का केला, कौन्सिलांवर बहिष्कार तर आधीच होता. त्याच सुमारास प्रांताच्या नव्या कौन्सिलाचे पहिले, सरकारनं नेमलेले अध्यक्ष झाले गंगाधरराव. तीन वर्षांनी स्वराज्य पक्षवाले बहिष्कार सोडून निवडणुकीत उतरले आणि बहुमतानं आत आले, डॉ. मुंजे त्यांच्या पुढं. १९२४ साली त्यांनी मंत्र्यांचा पगार ठरवला दोन रुपये. महिन्याला नव्हे रे, वर्षाला! आणि सभागृहाचे अध्यक्ष कोण, तर हेच ‘सर’. ज्यांनी खुर्ची दिली त्यांचीच फजिती त्या खुर्चीपुढं झाली.

मुंजे मोठे की चिटणवीस, हा वाद मला घालायचाच नाही. दोघांकडं बैठक होती, एवढंच म्हणतो. गवयाला लागते तीच. गल्लीतल्या नालीपासून प्रांताच्या अंदाजपत्रकापर्यंत कंटाळा न करता बसायचं, वाचायचं, विरोधकाचं शेवटपर्यंत ऐकायचं. ही बैठक नगरपालिकेत जमते, विधानभवनात आयती मिळत नाही. हल्ली सगळ्यांना भाषण हवं, बैठक कोणालाच नको. तुझंच बघ, तबला दोन वर्षांत सोडलास.

तुझे आजोबा मेंबर होते तेव्हाचा दारामागचा खिळा आठवतो? लोकांच्या तक्रारींच्या चिठ्ठ्या त्यावर टोचलेल्या असायच्या. काम झालं की चिठ्ठी निघायची. रात्री जेवणाआधी खिळा बघायचे आणि कधी कधी तसेच चप्पल घालून बाहेर पडायचे. आई ताट झाकून ठेवायची.

ते ताट आता तुझ्या घरी कोण झाकून ठेवणार? सूनबाईला विचारलंस? छकुलीच्या शाळेची फी कशातून भरशील? तायडीला तर अजून काहीच ठाऊक नाही, काल फोनवर बोलण्यावरून कळलं. गोळ्या तरी वेळेवर घेतोस ना? प्रचार ऐन उन्हात आला तर खिशात कांदा ठेव, हसू नकोस.

खिळा अजून आहे. सध्या मी त्यावर विजेची बिलं टोचतो. हवा असेल तर ये आणि काढून ने. भिंतीचा पोपडा निघेल, निघू दे.

तुझा,
मामा