ट्रे, यंत्र आणि शून्य रुपयांचे तिकीट

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजेच एसटीच्या, वाहकाचे काम तिकीट देण्याचे असले तरी त्याची खरी परीक्षा हिशेबात होते, आणि तिकिटाचे साधन बदलले की त्याला हा हिशेब नव्याने अंगवळणी पाडावा लागतो. सोलापूर विभागात वाहक म्हणून सेवा केलेल्या प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला अशी तीन साधने आली : छापील तिकिटांचा ट्रे, २०१०च्या सुमारास रुळलेले इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्र आणि २०१९मध्ये सवलतधारकांसाठी सुरू झालेले स्मार्टकार्ड.

ट्रेच्या काळात निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे वाहकाला अनुक्रमांकानिशी मिळत, आणि कोणत्या किमतीचे तिकीट कोणत्या क्रमांकापर्यंत संपले याची नोंद दर टप्प्याला (एसटीच्या भाडेआकारणीत सहा किलोमीटर म्हणजे एक टप्पा) वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबपत्रकावर, करावी लागे. अक्कलकोटच्या गाडीत कुंभारी मागे टाकून वळसंग येईपर्यंत उभ्या प्रवाशांतून वाट काढीत तिकिटे पुरी करायची आणि हलत्या गाडीत वेबिल गुडघ्यावर धरून आकडे मांडायचे, ही कसरत यंत्राने संपवली. तरीही जुने वाहक कित्येक महिने खिशातल्या चिठ्ठीवर आपले वेगळे टिपण ठेवीतच राहिले, कारण रोकड भरताना तूट आली तर ती पदरची भरावी लागते आणि दुसऱ्याने काढलेल्या बेरजेवर पदरचे पैसे पणाला लावायला कोणाचेही मन सहजी धजत नाही.

स्मार्टकार्डामागचा हेतू याहून वेगळा होता. ज्येष्ठ नागरिक पूर्वी तहसीलदारांचे ओळखपत्र, मतदार ओळखपत्र किंवा आधार यांपैकी काहीही पुढे करीत आणि त्यावरून अर्धे तिकीट द्यायचे की पूर्ण, हे वाहक ठरवी. चिप बसवलेले कार्ड यंत्राला लावले की हक्काची तपासणी यंत्रानेच करावी, ज्येष्ठांच्या सवलतीला घातलेली वर्षाला ४,००० किलोमीटरची मर्यादाही त्यानेच मोजावी आणि प्रवाशाच्या वयाचा निवाडा वाहकाच्या गळ्यात पडू नये, अशी ती योजना होती. कोरोनामुळे कार्ड काढण्याची मुदत वारंवार वाढत गेली आणि तोवर आधार चालत राहिले. पुढे २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३पासून सर्व महिलांना निम्मे भाडे लागू झाले, तेव्हा वयाची खात्री ओळखपत्रावरूनच होऊ लागली आणि जो निवाडा कार्डाकडे जायचा होता तो फिरून वाहकाकडेच आला.

हा निवाडा वाटतो तितका सोपा नाही. सोलापूरच्या स्थानकात गाडीत चढलेले वृद्ध गृहस्थ बंडीच्या आतल्या खिशातून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, घडीवर विरलेले आधार काढतात, तर त्यावर जन्मतारखेऐवजी नुसते जन्मवर्ष असते. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की आणखी सहा महिने आहेत, हे त्यावरून सांगणे कोणालाही शक्य नाही. तारीख असली तरी ती बहुधा १ जानेवारी किंवा, गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली, १ जून असते. (एसटीची पहिली गाडीही १९४८च्या १ जूनलाच पुण्याहून अहमदनगरला निघाली होती, हा निव्वळ योगायोग.) यंत्रावर एक बटण दाबले की सवलत मिळते; ते दाबावे की नाही, हे मात्र यंत्र सांगत नाही.

सोलापूर हा सीमेवरचा जिल्हा असल्याने येथे आणखी एक गुंता असतो. महिलांची आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, त्यामुळे गाणगापूरला निघालेल्या महिलेकडून हद्दीपर्यंत निम्मे आणि पुढे पूर्ण भाडे घ्यावे लागते. त्यातच कर्नाटकाने ११ जून २०२३पासून आपल्या महिलांना स्वतःच्या गाड्यांत मोफत प्रवास दिला आहे. तिकडे फुकट, इकडे अर्धे आणि हद्द ओलांडली की पूर्ण, हे अक्कलकोट तालुक्यातल्या प्रवाशांना कन्नडमधून समजावून सांगण्याइतकी भाषा सोलापूरच्या वाहकाला येतेच. ती कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेली नसते. त्या मानाने पुढच्या अँड्रॉइड यंत्रांवरचे यूपीआय लवकर अंगवळणी पडले, कारण त्याने सुट्या पैशांवरून होणारी वादावादी पुष्कळ कमी केली.

मोफत प्रवास करणाऱ्यालाही शून्य रुपयांचे तिकीट द्यावे लागते आणि प्रवासी हमखास म्हणतो, "पैसेच नाहीत, तर कागद कशाला?" या कागदाला किंमत आहे, कारण सवलतीची रक्कम शासनाने महामंडळाला द्यायची असते आणि ती अशाच तिकिटांच्या नोंदीवरून मोजली जाते. तेव्हा ज्येष्ठांनी हे तिकीट वाहकाकडून मागून घ्यावे आणि गाडीतून उतरेपर्यंत जपून ठेवावे.