कागद पक्का, पण…

माझा मामेभाऊ इंग्लंडात ब्लॅकबर्नला असतो. दोन वर्षं गॅरेजात खपून त्यानं १९५७च्या लोटस सेव्हनच्या धर्तीची उघडी, दोन आसनांची गाडी बांधली. फजरला निघाला की अख्खी गल्ली जागी! "चालत जा की," मी फोनवर म्हटलं. "मग बांधली कशाला, भाई?"

तिथं अशा गाडीची रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासणी होते. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर आवाज ९९ डेसिबलच्या आत हवा. होता. कागद पक्का. पण शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तक्रार न करता नुसतं बोलणंच बंद केलं, ते त्याला फार लागलं.

या गाड्यांचा सायलेन्सर आखूड, बसणाऱ्याच्या कोपराखालून जाणारा. आत भोकांची नळी, भोवती ग्लासवूल. गरम धुरानं ते झिजून उडून जातं आणि उरतो नुसता डबा. त्यानं रिव्हेट काढून नवं वूल भरलं, जोडांतली गळती बुजवली. थोडा फरक पडला. मग लांब, जाड सायलेन्सर बसवला. गाडीचं रूप बिघडलं म्हणून अजून हळहळतो.

परवा बाईंनी कुंपणावरून विचारलं, "गाडी विकलीस का रे?"