पायाखालचं कारीट

कारीट हातात घेतलं की आधी थंडगार लागतं. लिंबाएवढं, हिरवं, अंगावर फिकट पांढुरके पट्टे. आमच्या मालवणकडच्या गावात भातकापणीच्या दिवसांत बांधावरच्या वेलींना ती लगडलेली असायची. एरवी त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मात्र आम्ही मुलं टोपली घेऊन निघायचो आणि माणशी एक अशी मोजून आणायचो.

पहाटे अंधारातच तेल, उटणं, चुलीवरचं कढत पाणी. अंघोळ झाली की ओलेत्यानंच तुळशीपुढे जायचं. "डाव्या पायाच्या आंगठ्यान फोड, चेडवा," आजी सांगायची, "आणि गोविंदा म्हण." टाच रोवून अंगठा दाबला तरी साल पहिल्या झटक्यात दाद देत नाही. मग एकदम फट्‌कन आवाज होतो आणि गार पाणी नि बिया बोटांच्या बेचक्यात येतात. त्याचा रस जिभेला लावायचा, कडू जहर. त्यानंतर पोहे यायचे. गूळपोहे, दूधपोहे, ताकातले, फोडणीचे. तोंडातला कडूपणा जाईपर्यंत नरकासुर मेलेला असायचा.

तो दिसायला कसा होता हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. काळाकुट्ट, जाड ओठांचा, पिंजारलेल्या केसांचा. शाळेत दिवाळीच्या सुट्टीआधी छोटं नाटक व्हायचं. त्यात नरकासुराचं काम सलग तीन वर्षं एकाच मुलाकडे आलं, पलीकडच्या वाडीतल्या. वर्गात तो सगळ्यात सावळा होता. कृष्णही सावळाच, पण कृष्णाचं काम दर वर्षी एखाद्या गोऱ्या मुलाला मिळे. ना गुरुजींना त्यात काही वावगं वाटलं, ना आम्हाला. त्या मुलाला काय वाटलं हे मी कधी विचारलं नाही. चौथ्या वर्षी तो नाटकाच्या दिवशी शाळेत आला नाही, एवढं आठवतं.

आमच्या घरात आणखी दोन गोष्टी मी पाहत होते, आणि त्यांचा या कारिटाशी काही संबंध असेल असं मला वर्षानुवर्षं वाटलं नाही. एक म्हणजे आजीचं उठणं. अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी ती वाकून जमिनीला हात लावायची, तो हात कपाळाला लावायची आणि पुटपुटायची, तुला पाय लागतो, क्षमा कर. तिच्या लेखी भूमी ही आई होती आणि आईला पाय लागणं हा अपराध होता. दुसरी गोष्ट पाडव्याची. कारीट फुटल्यावर दोन-तीन दिवसांत बलिप्रतिपदा येते. त्या दिवशी ओवाळताना आजी म्हणायची, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." बळी कोण? असुर. हिरण्यकशिपूचा पणतू, प्रल्हादाचा नातू. म्हणजे एकाच आठवड्यात एका असुराला आम्ही पायाखाली चिरडत होतो आणि दुसऱ्याचं राज्य यावं म्हणून हात जोडत होतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीला उजळ माथ्यानं राजा म्हणून उभं केलं, पण शेतकऱ्याला बळीराजा म्हणणाऱ्या मुलखात तो लोकांच्या तोंडी आधीपासूनच राजा होता. आजीला त्यात विसंगती दिसत नव्हती. मला दिसली, तीही फार उशिरा आणि घरापासून फार दूर.

१९९६ साली माझी गुवाहाटीला बदली झाली. मुलगा सहा वर्षांचा होता, यजमान मुंबईतच राहिले. शहरात येऊन पुरता महिनाही झाला नव्हता तेव्हा एका रात्री मुलाला ताप चढला, उतरेना. घरमालकीण बाई रिक्षा घेऊन आल्या. त्यांना मी बाइदेउ म्हणत असे. असमियात थोरल्या बहिणीला असं म्हणतात. त्या रिक्षावाल्याशी भराभर बोलल्या आणि त्या बोलण्यात एक शब्द मला लख्ख ऐकू आला. नरकासुर.

गुवाहाटीचं मेडिकल कॉलेज भांगागड भागात एका टेकडीवर आहे आणि त्या टेकडीचं नाव नरकासुर पाहाड. पत्त्यातच ते नाव येतं. त्या रात्री तापानं फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन मी ज्या चढणीनं वर गेले, ती मी लहानपणापासून दर वर्षी अंगठ्याखाली चिरडलेल्या माणसाच्या नावाची होती. हे लक्षात यायला दोन दिवस गेले. ताप उतरला, मूल खायला मागू लागलं, तेव्हा मी बाइदेउंना विचारलं, टेकडीला असं नाव कसं काय? त्या सहज म्हणाल्या, "आमचा पहिला राजा ना तो."

मग दिवाळी आली. तिथल्या दारांत केळीचे खुंट रोवतात, त्यांना बांबूच्या कामट्या टोचून वर पणत्या ठेवतात. बाइदेउंच्या अंगणात असे दोन खुंट उभे होते. कारीट तिथे मला कुठे दिसलं नाही. मी बाजारातून एक छोटं कारलं आणलं आणि पहाटे अंघोळीनंतर मुलाला घेऊन पायरीवर गेले. त्याचा अंगठा कारल्यावर ठेवला आणि म्हटलं, गोविंदा म्हण. बाइदेउ फुलं तोडत होत्या. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? मी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत. परडी खाली ठेवून एवढंच म्हणाल्या, "त्याच्या पाहाडावर तुझा मुलगा बरा झाला." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तो पृथ्वीचा मुलगा आहे, हे तुमच्याकडे सांगत नाहीत का?"

आमच्याकडे सांगतात. पोथीत आहे, भागवतात आहे. नरकाचं दुसरं नाव भौम, म्हणजे भूमीचा मुलगा. वराह अवतारात विष्णूनं पृथ्वी पाण्यातून वर काढली, त्या दोघांचा तो पुत्र. मला हे ऐकून माहीत होतं, पण डाव्या अंगठ्याखाली कारीट असताना ते कधी आठवलं नव्हतं. आणि आठवली ती आजी, पहाटे भूमीची क्षमा मागणारी. ज्या आईला पाय लागला म्हणून ती रोज कपाळाला हात लावायची, तिच्याच मुलाला वर्षातून एकदा आम्ही घरदार जमवून पायानं चिरडत होतो. दोन्ही गोष्टी मनापासून, दोन्ही भक्तीनं. आजी तेव्हा हयात नव्हती. तिला हे विचारता आलं नाही याची रुखरुख अजून जात नाही.

पुढची तीन वर्षं मी नरकाच्या मागे लागले. सुट्टीच्या दिवशी बाइदेउंबरोबर नीलाचलावर गेले, कामाख्येला. तिथे डोंगर चढून जाणारी जुनी दगडी पाखाडी आहे. तिची गोष्ट त्यांनी चढता चढता सांगितली. नरकाचं देवीवर मन गेलं. देवी म्हणाली, एका रात्रीत, कोंबडा आरवायच्या आत पायथ्यापासून दगडी वाट बांध, मग लग्न. त्यानं वाट जवळजवळ पुरी केली. देवी घाबरली आणि तिनं कोंबड्याला वेळेआधीच आरवायला लावलं. फसवलं गेल्याचं कळल्यावर त्यानं त्या कोंबड्याचा पाठलाग करून त्याला मारलं, आणि वाट अपुरी राहिली. बाइदेउ चढताना मधेच थांबल्या, एका दगडावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "उन्मत्त होताच. पण बांधून तर गेला." आम्ही दोघी त्याच्याच पायऱ्यांवरून देवीला निघालो होतो.

वाचत गेले तसं आणखी कळलं. कामरूपावर राज्य केलेल्या तिन्ही जुन्या राजवंशांनी, वर्मन, म्लेच्छ आणि पाल, आपलं कुळ नरकापासून सांगितलं. सातव्या शतकातला भास्करवर्मा हा सम्राट हर्षाचा मित्र. त्याच्या निधनपूर ताम्रपटात नरक, त्याचा मुलगा भगदत्त, मग वज्रदत्त अशी वंशावळ येते. बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त त्याचा दूत हर्षाकडे छत्र घेऊन येतो तेव्हाही त्या छत्राची कुळकथा नरकापाशीच पोचते. कुणी राजा आपल्या ताम्रपटात लाजिरवाणा पूर्वज कोरून ठेवत नाही. आणि त्याच भागात रचलेलं कालिकापुराण सांगतं की नरक मिथिलेत, जनकाच्या घरी वाढला. भूमीतून आलेली सीताही त्याच घरची. एकाच आईची दोन लेकरं, एकाच अंगणातली. एकीच्या नावानं आम्ही हात जोडतो.

नरक निर्दोष होता असं मी म्हणत नाही. सोळा हजारांवर स्त्रिया त्यानं कोंडून ठेवल्या, अदितीची कुंडलं हिरावली, ही कथा मी पुसू इच्छित नाही. कालिकापुराणही त्याचं पतन लपवत नाही. बाणासुराच्या संगतीनं तो बिघडला असं सांगतं. (हा बाणासुर बळीचा मुलगा. पाडव्याला ज्याचं राज्य मागतो त्याचाच.) खलनायकाला उचलून देव करणं आणि देवाला खाली ओढणं, हा धंदा मला पटत नाही. त्यात जुना आंधळेपणा फक्त कूस बदलतो. मला पुराणांत वेगळंच काही सापडलं. जिंकणाऱ्याची गोष्ट सांगतानासुद्धा पुराण हरलेल्याची आई पुसून टाकत नाही. नरक पडल्यावर भूमी पुढे येते, कुंडलं परत करते, कृष्णाची स्तुती करते आणि भेदरलेल्या भगदत्ताला त्याच्या पायाशी घालते. कृष्ण त्याला अभय देतो. शिवाय आपल्या घरोघर सांगतात की मरताना नरकानंच वर मागितला, या तिथीला जो मंगलस्नान करील त्याला नरकाची पीडा होऊ नये. म्हणजे ते उटणं, ते कढत पाणी हे त्याचंच मागणं. आपण गोष्टीचा अर्धा भाग पायाखाली घेतला आणि उरलेला पोथीत बांधून ठेवला.

हे सगळं कळूनही मी सुधारले नाही, हेही सांगायला हवं. १९९९ साली मी ठाण्याला परतले. काही वर्षांनी बाइदेउंची भाची नोकरीसाठी मुंबईत आली. आमच्याच सोसायटीत एक जागा भाड्यानं द्यायची होती. मी शब्द टाकला. मुलगी जागा बघायला आली आणि जिन्यात कुणीतरी म्हणालं, "ही चिनी कुणाकडे आलीय?" मग बैठक झाली. काय खातात कोण जाणे, रात्री-अपरात्री कोण येईल कोण जाणे, असं सगळं बोलून झालं. कुणाच्या तोंडी वाईट शब्द नव्हता, सगळी चांगली माणसं होती. जागा मिळाली नाही. त्या बैठकीत मी शेवटपर्यंत गप्प बसले. नरकासुर पाहाडावर माझं मूल बरं झालं होतं, त्या मुलीच्या मावशीनं ती रात्र माझ्याबरोबर बाकावर बसून काढली होती, आणि मी सोसायटीतल्या शेजाऱ्यांना घाबरले.

त्या रात्री झोप लागली नाही. उद्योगपर्व काढून बसले, भगदत्ताचा उल्लेख शोधत. तो किरातांचं आणि चिनांचं सैन्य घेऊन दुर्योधनाकडे येतो, म्हणजे पांडवांच्या विरुद्ध बाजूला. आणि त्या सैन्याचं वर्णन करताना महाभारत काय म्हणतं? सोन्याच्या कांतीची ती माणसं पाहून फुललेल्या कर्णिकारांचं वन आठवतं. सोनेरी फुलांचं वन! शत्रूच्या छावणीतल्या, वेगळ्या तोंडवळ्याच्या, ईशान्येकडून आलेल्या माणसांना पाहून त्या कवीला फुलं आठवली. आमच्या जिन्यात त्याच तोंडवळ्यावर "चिनी" हा शब्द थुंकल्यासारखा पडला होता. शब्द तोच होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला आणि माफी मागितली. पुढे वर्षभर ती आमच्याच घरी राहिली, मागच्या खोलीत. दिवाळीला तिनं गॅलरीत केळीचा खुंट उभा केला, कुंडीत, आणि कामट्यांवर पणत्या लावल्या. समोरच्या इमारतीतली मुलं बघायला आली.

आता नात आठ वर्षांची आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी ठाणे स्टेशनबाहेर फुलवाल्या बायका कारिटांचे वाटे लावून बसतात. मी अजून ती आणते. प्रथा मोडावी असं मला वाटलं नाही. आजीच्या हातची जी थोडी माणकं माझ्यापाशी उरली आहेत त्यांतलं हे एक. पण गेली काही वर्षं कारीट फोडण्याआधी नातीला खाली वाकून जमिनीला हात लावायला सांगते, आजी लावायची तसा. मग तो अंगठा. मग रस जिभेवर, आणि पोहे खाताना पुरी गोष्ट. जनकाचं अंगण, अपुरी पाखाडी, कोंबडा, भगदत्ताचं सोनेरी सैन्य. गेल्या वर्षी तिनं विचारलं, "त्याच्या आईला रडू आलं असेल ना?" मी म्हटलं, हो, आलं असेल.

यंदा तुमच्या अंगणात कारीट फुटेल तेव्हा घरातल्या पोरांना त्याच्या आईचं नाव सांगा. तिचं नाव भूमी.