दुर्गाबाईंची धाकटी बहीण

मराठीच्या वर्गात दुर्गा भागवत शिकवावयाच्या म्हणजे आधी त्यांचा परिचय करून द्यावा लागतो. जन्म १९१०, इंदूर. ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, ‘पैस’ ही पुस्तके. १९७५ मधील कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि आणीबाणीविरुद्ध घेतलेली ठाम भूमिका. एवढे सांगून झाले की अध्यापक पाठाकडे वळतो. आम्ही दोघी मात्र गेली काही वर्षे एक वाक्य अधिक सांगत आलो आहोत : दुर्गाबाईंची धाकटी बहीण कमला ही जीवरसायनशास्त्रज्ञ होती. परीक्षेच्या दृष्टीने हे वाक्य सर्वस्वी निरुपयोगी आहे. तरीही त्यावर मुलींकडून जेवढे प्रश्न येतात तेवढे ललित निबंधाच्या वैशिष्ट्यांवर कधी आलेले नाहीत. त्यांतील एका प्रश्नाने आम्हांला हा लेख लिहावयास प्रवृत्त केले. तो प्रश्न पुढे येईलच. आधी कमलाबाईंची हकीकत सांगणे भाग आहे, कारण मराठीच्या अभ्यासकांनाही ती पुरेशी ठाऊक नसते.

कमला भागवत, म्हणजे विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांच्या घरात विज्ञान परके नव्हते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, विद्यार्थी. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी १९३३ मध्ये उत्तम रीतीने मिळविल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना अवघी तीन वर्षे झाली होती. अर्ज नाकारला गेला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच होते. कमलाबाई बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सत्याग्रहाची तयारी दाखविली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. या अटींचा अपमान त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या.

संस्थेत त्यांना एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीला कठोर, पण शिकविण्यात हातचे काही राखून न ठेवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन केले आणि १९३६ मध्ये एम. एस्सी. पूर्ण केली. वर्षभराच्या त्या परीक्षेनंतर रामन यांचेही मत पालटले आणि संस्थेचा दरवाजा पुढच्या मुलींना उघडला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथे डेरेक रिश्टर यांनी त्यांना दिवसा काम करण्यासाठी आपल्या प्रयोगशाळेतील एक मेज दिले. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करीत असताना श्वसनक्रियेत भाग घेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींतही असल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये त्या पीएच. डी. होऊन मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषणविषयक प्रयोगशाळा आणि १९४७ मधील विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा पुढील प्रवास झाला. नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले, पण यावयाच्या वेळेच्या पुष्कळ नंतर. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही हकीकत सांगताना सर्वसाधारणपणे भर दिला जातो तो जिद्दीवर. मुलींसमोर भाषण करावयास आलेल्या पाहुण्यांना जिद्द हा शब्द फार प्रिय असतो. जिद्द कमलाबाईंजवळ होतीच. परंतु हीच हकीकत सावकाश पुन्हा वाचली तर तिच्यात इतर माणसांचे हातही दिसू लागतात. रसायनशास्त्र हे ज्या घरात जेवणाच्या पाटावर बोलले जात असेल असे घर, ताटातल्या डाळीकडे संशोधनाचा विषय म्हणून पाहावयास शिकविणारा गुरू, आणि आपले मेज मोकळे करून देणारा एक अनोळखी परदेशी सहकारी. यांतील एकही हात नसता तर त्या जिद्दीचे काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे. प्रोत्साहन या शब्दाचा अर्थ आम्ही त्या मेजावरून समजून घेतला.

आमच्या जिल्ह्यात प्रोत्साहनाच्या भाषणांची उणीव नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान असल्यामुळे जानेवारीचा तो आठवडा आम्हां बुलढाणेकरांचा उत्सवच असतो. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. तो रामन यांच्या शोधाचा दिवस आहे. महाविद्यालयाच्या व्हरांड्यात त्या दिवशी विज्ञान-रांगोळीची स्पर्धा होते. मुली पहाटेच्या गाडीने येऊन रामन यांचे चित्र रेखाटतात, फेटा बारकाईने रंगवितात; परीक्षक कौतुक करून जातात. रामन यांची थोरवी आम्हांला नाकारावयाची नाही. पण त्या रांगोळीशेजारी कमलाबाईंचे नाव नसते, ही गोष्ट आम्हांला खटकत आली आहे. ज्या माणसाने प्रथम दार लावले आणि नंतर ते उघडले, त्याच्या शोधाचा दिवस साजरा करताना ते दार ठोठावणारी कोण होती हेही मुलींना कळावयास नको काय?

आता तो प्रश्न. बी. ए.च्या वर्गातील एका मुलीने कमलाबाईंची हकीकत ऐकून विचारले, “मॅडम, त्या रात्री प्रयोगशाळेत थांबायच्या, तर परत जायला गाडी किती वाजता होती?”

वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण ही मुलगी आमच्याकडे कशी आली हे आम्हांला माहीत होते. दहावीला विज्ञानात तिला नव्वदच्या वर गुण होते. अकरावीला तिने विज्ञान शाखा घेतलीही होती. कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याच्या गावी, प्रात्यक्षिके दुपारनंतर, आणि तिच्या गावाकडे जाणारी सोयीची शेवटची गाडी प्रात्यक्षिक संपण्याआधी निघणारी. त्यानंतरची गाडी मुक्कामी, अंधार पडल्यावर पोहोचणारी. फाट्यापासून गाव दोन किलोमीटर. दिवाळीपर्यंत तिने ओढले. सोयाबीनच्या काढणीत पंधरा दिवस बुडाले, प्रयोगवही अपुरी राहिली आणि पुढच्या वर्षी ती कला शाखेत दिसली. कला शाखेत प्रयोगवही नसते. घरी राहून, परीक्षेपुरते येऊनही पदवी पदरात पडते.

आमच्या वर्गातील काही मुली मराठीच्या ओढीने आलेल्या असतात, आणि त्या आमचे खरे सुख आहेत. पण दरवर्षी काही चेहरे असे असतात की ज्यांना गाडीने आणून आमच्या दारात सोडलेले असते. पटसंख्या टिकली म्हणून विभाग टिकतो, आणि पटसंख्येत या मुली मोजलेल्या असतात. ज्या विषयावर आमचे पोट आहे तो विषय कुणाच्या तरी मोडलेल्या इच्छेवर उभा आहे, ही जाणीव सुखाची नाही.

शासनाने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या गाड्यांनी जिल्ह्यातील कित्येक गावांच्या मुली शाळेत टिकल्या. बारावीपर्यंत मुलींना एस. टी.चा पास मोफत आहे. २०२३ मध्ये सर्वच स्त्रियांसाठी एस. टी.चे भाडे निम्मे झाले. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बुलढाण्यास २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळाले. पण घाटाखालची गावे रेल्वेच्या आधाराने राहतात आणि घाटावरच्या लोणार, मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांना एस. टी.वाचून गत्यंतर नाही. सवलत तिकिटाला मिळते. वेळापत्रकाचा प्रश्न तसाच राहतो.

मुलींना विज्ञानाची आवडच नसते, असे मानणाऱ्यांसाठी एक आकडा पुरेसा आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात विज्ञान शाखेत सुमारे ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यांपैकी २९.८ लाख मुली होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक. याच्या उलट, संशोधन हाच व्यवसाय असलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण एक-पंचमांशाहूनही कमी राहत आले आहे. मुली विज्ञानात येतात. मधल्या वाटेत कुठेतरी उतरतात. कुठे उतरतात हे पाहावयाचे, तर व्यासपीठावरून दिसत नाही, बसस्थानकावरून दिसते.

दुसरा अडथळा आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकलेली मुलगी अपवर्तन, त्वरण, परासरण, विकर हे शब्द घेऊन अकरावीत येते. पहिल्याच दिवशी हे सारे शब्द अनुपयोगी ठरतात. संकल्पना तिला कळलेली असते, तिचे इंग्रजी नाव मात्र कळलेले नसते. आणि वर्गात न कळण्याचा अनुभव आला की मुलगी दोष विषयाला देत नाही, स्वतःला देते. मुलगा असेल तर त्याला शिकवणीसाठी लातूरला किंवा अकोल्याला पाठविले जाते. मुलीला घरचे म्हणतात, “नाही झेपत तर राहू दे बाई.” या वाक्यात माया असते, आणि म्हणूनच ते परतवून लावणे अवघड जाते.

तंत्रज्ञानाचा या जिल्ह्यातील मुलींशी आलेला एक जुना संबंधही येथे नोंदविला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात आमच्या जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्यात १९८८ मध्ये आणि देशात १९९४ मध्ये कायदा झालेला असतानाची ही स्थिती. एखाद्या गावात मुलीच्या हाती संगणक येण्याच्या कितीतरी आधी सोनोग्राफीचे यंत्र तिच्या आईपर्यंत पोहोचले होते. यंत्र चालविणारे, त्याचा निकाल ऐकणारे आणि त्यावर निर्णय घेणारे कोण असावेत, हा प्रश्न म्हणूनच नोकऱ्यांपुरता मर्यादित नाही. मुली विज्ञानात असाव्यात याचे आम्हांला वाटणारे सर्वांत मोठे कारण हे आहे.

आणि हा विचार आमच्या मातीला नवा नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. स्त्रीच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण उचलावा आणि तो पुरुषात आहे की नाही हे तपासून पाहावे, ही त्या पुस्तकाची रीत. आम्ही ते निबंध म्हणून शिकवितो. पण सांगोवांगीचे विधान पुराव्यावर घासून पाहण्याची ती रीत प्रयोगशाळेलाही परकी वाटणार नाही. ज्या गावात हे पुस्तक लिहिणारी स्त्री जन्मली, तेथल्या मुलींची बुद्धी शास्त्राला मानवत नाही असे म्हणणाऱ्याने निदान ते एकदा वाचावे.

मराठीच्या अध्यापकांच्या हाती प्रयोगशाळा नाही, गाड्याही नाहीत. तरी मेज मोकळे करून देण्याचे काही प्रकार आमच्याही आवाक्यात निघाले. अकरावीच्या विज्ञान शाखेतील मराठी माध्यमाच्या मुलींसाठी आम्ही आठवड्यातून दोन तास विभागाची खोली उघडी ठेवतो. डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी संज्ञा आणि खाली आपल्या शब्दांत दोन ओळींचा अर्थ, अशी वही त्या करतात. भौतिकशास्त्राचे सहकारी अधूनमधून येऊन चुका दुरुस्त करतात. आमच्या लक्षात आले ते असे की, जिला दोन ओळी मराठीत नीट लिहिता येतात तिला इंग्रजी संज्ञेची भीती फार दिवस राहत नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. बाहेरगावच्या मुलींची प्रात्यक्षिके सकाळच्या सत्रात घ्यावीत, असा अर्ज आम्ही विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांसह दिला. तो मान्य होण्यास दोन वर्षे लागली. प्रयोगशाळा सहायकाची सकाळची पाळी, साहित्य मांडण्याचा वेळ, वीज जाण्याच्या वेळा अशा अनेक अडचणी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. शेवटी आठवड्यातील दोन दिवस मिळाले. गेल्या वर्षी त्या तुकडीतील बाहेरगावच्या अकरा मुलींपैकी नऊ जणी बारावीत गेल्या. राहिलेल्या दोघींपैकी एकीचे लग्न झाले. दुसरीने यंदा आमच्याकडे कला शाखेत प्रवेश घ्यावयाचा विचार सांगितला, तेव्हा आम्ही तिला प्रवेश अर्ज दिला नाही. तिच्या वडिलांना भेटावयास बोलावले आहे, आणि सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते हे आगाराकडून लिहून घेतले आहे.