चोविसावा हिस्सा

एअरफिक्स हे नाव जगभर घेतलं जातं ते जुळवायच्या विमानांसाठी. पण या कंपनीचं पहिलं मॉडेल विमान नव्हतं, मोटारही नव्हती. तो होता ट्रॅक्टर. साल १९४९. ब्रिटनमधली ही कंपनी तोवर प्लास्टिकचे कंगवे काढायची. फर्ग्युसन कंपनीला (पुणेकरांनी कॉलेज क्षणभर विसरावं) आपल्या विक्रेत्यांच्या हाती द्यायला एक छोटा ट्रॅक्टर हवा होता. साच्यातून भाग काढणं सोपं होतं, ते जोडून तयार करून देणं वेळखाऊ. मग पुढे सुटे भागच विकायचे ठरले, जोडा तुमचे तुम्ही. कंटाळवाणं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचं आणि त्याने ते पैसे देऊन आनंदाने करायचं, असा हा धंदा त्या ट्रॅक्टरपासून चालू आहे.

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला हा इतिहास ऐकून बरं वाटावं. आमच्याकडे हंगामात रस्ता ट्रॅक्टरचाच असतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही साखर कारखान्याच्या वाटेला लागा, पुढे उसाने फुगलेल्या दोन ट्रॉल्या आणि मागे तुमची दुचाकी, हे ठरलेलं. इथली पोरं नुसत्या आवाजावरून ट्रॅक्टरची कंपनी सांगतात. बारामतीच्या एमआयडीसीत पियाज्योची तीनचाकी आपे बनते, २०१२ पासून व्हेस्पाही बनते. त्याच बारामतीत फेरेरोच्या कारखान्यात किंडर जॉय तयार होतं. त्या अंड्याच्या एका अर्ध्यात खाऊ आणि दुसऱ्या अर्ध्यात चार तुकडे जोडून होणारं खेळणं. कधी नशिबाने गाडी निघते. पहिली ‘जुळवायची मोटार’ पोराच्या हाती येते ती अशी, किराणा दुकानाच्या काउंटरवरून, आईच्या मागे लागून.

त्यानंतरची पायरी मात्र उंच आहे. जुळवायच्या मॉडेलांचे डबे काढणाऱ्या कंपन्या परदेशी: टामिया जपानची, रेव्हेल अमेरिका-जर्मनीची, इटालेरी इटलीची. इटालेरीच्या डब्यात व्हेस्पा मिळते, मूळ गाडीच्या नवव्या हिश्शाची. खरी व्हेस्पा तयार होते गावाच्या वेशीवर, आणि तिचं प्लास्टिकचं पिल्लू येतं समुद्र ओलांडून. मला यात राग येण्यापेक्षा गंमत जास्त वाटते.

डबा उघडला की प्लास्टिकच्या चौकटीला शेवग्याच्या शेंगांसारखे भाग लोंबत असतात. प्रत्येकाशेजारी बारीक आकडा. ते हाताने मोडायचे नाहीत, कातरीने काडी थोडी लांब ठेवून कापायचे, उरलेला खुंट पात्याने तासायचा, मग वॉटर पेपरने घासायचा. या छंदाचा निम्मा वेळ असा खुंट घासण्यात जातो आणि तो वेळ वाया गेला असं एकदाही वाटत नाही. मॉडेलचा खरा गोंद चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवतो. दोन कडा एकमेकींत वितळतात आणि जोड म्हणून काही उरतच नाही. घराघरात असतो तो क्षणात धरणारा गोंद वापरावा, तर त्याची वाफ काचेवर बसून समोरची काच कायमची पांढुरकी होते. ती मग डिसेंबरच्या पहाटे धुक्यातून उजनी धरणाच्या काठाने निघालेली गाडी म्हणून खपवायची.

रंगाचं गणित सगळ्यात अवघड. खऱ्या मोटारीवरचा रंग जेमतेम दशांश मिलिमीटर जाड. चोविसाव्या हिश्शात तो चार सहस्रांश मिलिमीटर व्हायला हवा, आणि तसा रंग माणसाला देता येत नाही. आपण फवारलेला पाच शतांशाचा पातळ थर खऱ्या गाडीवर जवळजवळ सव्वा मिलिमीटरचा भरेल. त्याखाली दाराच्या फटी बुजतात, बोधचिन्हं गुळगुळीत होतात. बाकी सगळं लहान करता येतं, रंग लहान होत नाही. धूळही होत नाही. बॉनेटवर बसलेला एक कण त्या मापात खड्याएवढा दिसतो. आमच्या बाजूला तर हंगाम सुरू झाला की धुराड्यातून उसाच्या चिपाडाची काळी राख उडते, दोरीवरच्या धोतरावर बसते आणि नुकत्या रंगवलेल्या टपावरही. म्हणून रंगकाम धुराडं पेटण्याआधी उरकावं. पाऊस मुळात बेताचा, त्यामुळे दमट हवेत रंगावर येणारी पांढरी साय इथे फारशी छळत नाही. पर्जन्यछायेचा एवढा एक फायदा आम्ही घेतो.

‘चोविसावा हिस्सा’ हा आकडा फुटाला अर्धा इंच या हिशेबातून आला. खेळण्यांच्या दुकानात पत्र्याला टांगलेल्या हॉट व्हील्स साधारण चौसष्टाव्या हिश्शाच्या. त्रेचाळिसावा हिस्सा खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आला, फुटाला सात मिलिमीटर. मात्र आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर हे सगळे नियम रद्द असतात. तिथे महाराज बुरुजाहून उंच, मावळा तोफेएवढा आणि पायथ्याच्या रस्त्यावर एक प्लास्टिकची जीप. आणि हे दृश्य पाहून आजवर कुणी मापाची तक्रार केलेली नाही.

शेजारचे एक बागाईतदार माझ्या टेबलापाशी उभे राहून विचारतात, “सर, ह्ये चालतंय व्हय?”

“नाही.”

“दार तरी उघडतंय?”

“नाही.”

“मग ह्याला गाडी कशी म्हणायची?”

प्रश्न रास्त आहे. पण हेच गृहस्थ पोळ्याला मातीचे बैल पाटावर मांडून त्यांना नैवेद्य दाखवतात, तेव्हा ते नांगर ओढतात का असं विचारत नाहीत.

डबा न उघडताच कपाटात ठेवून भाव वाढायची वाट पाहणारेही असतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण तो छंद ठेवीदाराचा. जोडणाऱ्याला गाडी आतून कळते. बाहेरच्या पत्र्याखाली काय दडलं आहे, एक्झॉस्ट कुठून वळतो, कमानपट्ट्या कुठे बसतात, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. टामियाच्या शुन्साकु टामियांनी सत्तरच्या दशकात पोर्शेचं मॉडेल काढण्यासाठी खरी पोर्शे विकत घेतली आणि ती खोलून भाग न् भाग पाहिला. १९७६ साली बाराव्या हिश्शाची पोर्शे ९३४ बाजारात आली ती त्या खोलाखोलीतून.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पोर्शे मिळते, फेरारी मिळते. आमच्या इंदापूर तालुक्याशी जिचं नातं आहे, ती मोटार मला अशा डब्यात कधी दिसली नाही. नीरेकाठी वालचंदनगर आहे. साखर कारखान्याभोवती वसलेलं, आज इस्रोच्या रॉकेटांचे भाग घडवणारं गाव. ज्यांच्या नावाने ते वसलं, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बोटी काढल्या, बंगळुरात विमानांचा कारखाना उभारला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९५३ साली ते गेले. त्यांच्या कंपनीने कुर्ल्यात फियाट ११०० बनवली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग बाक, १०८९ सीसीचं इंजिन, लग्नाच्या वरातीत पुढे आणि आजारपणात दारात. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. मॉडेल करणाऱ्याला ती टॅक्सी फार मोलाची. आधी टपाचा पिवळा, मग पट्टी चिकटवून खालचा काळा. हा क्रम उलटा केला तर काळ्यावर पिवळा कधीच धरत नाही.

आपल्या गाड्या डब्यात मिळत नाहीत, तर आपली पोरं काय करतात? सनबोर्ड आणतात. सनबोर्ड म्हणजे शेवटी फुगवलेलं प्लास्टिकच. त्यातून लाल एसटी उभी राहते, मागची शिडी, टपावरचा कठडा, पाटी, सगळं जागच्या जागी. जुन्या चपलेच्या तळव्यातून टायर कापतात, मोडक्या खेळण्यातली मोटर बसवतात, ट्रॅक्टर केला तर मागे ट्रॉली आणि ट्रॉलीत गवताच्या काड्यांचा ऊस. सूचनापत्रक नाही, आकडे टाकलेले भाग नाहीत. माप स्टँडवर उभं राहून, खिडक्या मोजून घेतलेलं. माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यात अस्सल स्केल मॉडेल हेच, आणि टामियाच्या डब्यावर महिन्याचे पैसे घालवणाऱ्या माझ्यासारख्याने त्यापुढे गप्प बसावं.

फक्त त्या पोरांना पद्मिनी करायची झाली तर माप घ्यायला गाडी हवी. तालुक्यात अजून कुणाच्या वाड्यामागे, गोठ्याच्या पत्र्याखाली ती उभी असेल. तुमच्याकडे असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक रविवार द्या. लांबी, रुंदी, टपाची उंची, दारांच्या फटी, दिव्यांचा व्यास, जाळीच्या पट्ट्या मोजून कागदावर उतरवा, चारही बाजूंनी फोटो काढा आणि एक प्रत गावच्या शाळेत द्या. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर दोन मीटर चौतीस सेंटिमीटर भरेल, त्याला चोविसाने भागलं की पावणेदहा सेंटिमीटर. पाच मीटरचा टेप पुरतो, गाडी चार मीटरांहून कमीच आहे.