बरें दिसणारें डोकें

शाळेंत आम्हीं मुलांना जन्मभर एकच गोष्ट शिकविली : परीक्षेस जातांना आपली उत्तम बाजू पुढें करावी. अक्षर नीटनेटकें काढावें, येत असेल तें आधीं लिहावें, येत नसेल त्याचा गवगवा करूं नये. या उपदेशाच्या अगदीं उलट तयारी गेल्या महिन्यांत आम्हांस आमच्या भाच्यासाठीं करावी लागली.

भाचा तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांच्या एका कारखान्यांत पाळीवर होता. दीड वर्षापूर्वी रात्रीं बोईसरहून पालघरला घरीं येतांना त्याच्या मोटरसायकलीस टेंपोचा धक्का बसला. डोक्यास मार लागला. चार दिवस शुद्ध नव्हती. पुढें जखम भरली, केस उगवले, आणि आळींतील मंडळी पेढे खाऊन गेली. मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणापुढें भरपाईचा दावा चालूं आहे. त्यासाठीं आतां मुंबईस त्याची तपासणी व्हावयाची होती.

मेंदूची दुखापत पुष्कळदां बाहेरून दिसत नाहीं. अमेरिकेंत १८४८ सालीं फिनिअस गेज नांवाच्या मुकादमाच्या गालांतून शिरलेली लोखंडी पहार टाळूंतून बाहेर पडली. तो जगला, चालूं-बोलूं लागला. परंतु समजूतदार म्हणून नांवाजलेला हा माणूस हट्टी व तोंडाळ झाला, आणि स्नेह्यांस तो पूर्वीचा वाटेना. कपाळामागील भागाचें काम बेत आखणें व स्वतःस आवरणें हें होय. तेथें इजा झालेला मनुष्य शांत खोलींत एकट्या डॉक्टरांपुढें उत्तम उत्तरें देतो. त्रेधा उडते ती घरीं, कुकरच्या शिट्टींत, दोघेजण एकदम बोलूं लागले म्हणजे. त्यांतून आपलें उणें कित्येकदां त्याचें त्यालाच कळत नाहीं. भाच्यास केव्हांही विचारा : "मामा, मी ठणठणीत आहें."

म्हणून आम्हीं एक वही घातली. तारीखवार, आणि विशेषणांवांचून. 'विसराळू झाला' असें न लिहितां, 'दूध गॅसवर ठेवून बाहेर गेला. या आठवड्यांत तिसऱ्यांदा.' चांगले गेलेले दिवसही लिहिले. कारण एक अतिशयोक्ति सांपडली कीं बाकीच्या खऱ्यावरचाही विश्वास उडतो. वहीबरोबर रुग्णालयांतून सोडल्याचा कागद, सीटी स्कॅनचा अहवाल, औषधांची यादी, आणि अपघातापूर्वी तो नेमकें काय काम करी याचें टिपण. हें टिपण वकिलांनीं मुद्दाम मागितलें. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं सांगितलें आहे कीं, शरीराचें अपंगत्व शेंकडा किती आणि कमाईची शक्ति शेंकडा किती गेली, हीं दोन मापें निराळीं. डावा हात गेला तर सुताराचा धंदाच बुडतो. कचेरींतील कारकुनाची नोकरी टिकूं शकते. आमच्या भाच्याचें काम झडपा ठराविक क्रमानें उघडण्याचें व मिटण्याचें होतें.

वाद झाला तो एकाच नोंदीवरून. गौरीजेवणाच्या दिवशीं, घरांत पाहुण्यांचा कलकलाट असतां, त्यानें आईवर तांब्या फेंकला. तिच्या भुंवईवर खोंक पडली. बहीण म्हणाली, "दादा, तेवढें लिहूं नकोस. परक्यांनीं माझ्या मुलाला तसा कां समजावें? त्याचें लग्न व्हायचें आहे अजून." आम्ही निरुत्तर झालों, आणि ती ओळ वहींत लिहिली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

ठरल्या दिवशीं पहाटेच्या गाडीनें निघालों. डॉक्टरांनीं भाच्यास शंभरांतून सात-सात वजा करावयास लाविलें. तीन शब्द सांगून ते मागाहून विचारले. तिन्ही त्यानें बिनचूक सांगितले. आमच्यांतील मास्तर क्षणभर खूष झाला! मग दोन तास निरनिराळ्या चाचण्या चालल्या. अखेरीस साधी आकृति जुळवितांना त्यानें ठोकळे एकदम दूर लोटले.

डॉक्टरांनीं वही चाळली व बहिणीकडे वळून विचारलें, "घरीं कधीं हात उगारतो का?"

तिनें आमच्याकडे पाहिलें. नंतर हळूच चष्मा काढला आणि भुंवईवरची खूण दाखविली.

भाचा कांहीं वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आई, हें कुणीं केलें?"